शाळेची वाट आणि फासाचा दोर

नगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात कोपर्डी हे लहानसे गाव आहे. १३ जुलै २०१६ रोजी या गावातील एका शाळकरी मुलीवर अत्याचार होऊन तिची निर्घृण हत्या झाली आणि सारा महाराष्ट्र हळहळला. जिल्ह्याजिल्ह्यांतून लाखोंचे मूक मोर्चे निघाले. दोषींना फाशी व्हावी, ही त्यांची अग्रभागी असलेली मागणी होती. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी नगरच्या सत्र न्यायालयाने तिघांना मृत्युदंड सुनावला.

अशा घटनेनंतर समाजात दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. चौकात फाशीची मागणी होते आणि घरात मुलीची शाळा बंद करण्याचा विचार सुरू होतो. पहिल्या गोष्टीची चर्चा वर्तमानपत्रांतून होते. दुसरी मात्र उंबरठ्याच्या आतच ठरते. तिची नोंद होते ती केवळ हजेरीपटावर, रिकाम्या राहिलेल्या रकान्यात.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साक्षर पुरुषांचे प्रमाण ८८ टक्क्यांच्या पुढे होते, तर स्त्रियांचे सुमारे ७६ टक्के. पहिलीच्या वर्गात आज मुली मुलांच्या बरोबरीने दिसतात. खरी कसोटी पुढे लागते. प्राथमिक शाळा गावातच असते. माध्यमिक शाळेसाठी अनेक वस्त्यांवरील मुलींना काही किलोमीटरची वाट तुडवावी लागते. ऊस उंच वाढलेला, दिवे नाहीत, एसटीची वेळ जुळत नाही. मुलगी वयात आलेली असते. मग आईवडील म्हणतात, ‘शिकली तेवढे पुरे.’ त्यामागे मुलीविषयीचा तिटकारा नसतो, धास्ती असते. या धास्तीतूनच पुष्कळदा लवकर लग्नाचा विचार पुढे येतो.

फाशीने ही धास्ती निवते का, हा खरा प्रश्न आहे. फाशीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे हलके लेखण्याजोगे नाही. जिचे लेकरू गेले त्या मातेच्या दुःखापुढे कोणताही युक्तिवाद थिटा पडतो. अतिक्रूर अपराधाला अतिकठोर शासन नसेल, तर लोकांचा न्यायावरचा विश्वास उडेल, असे त्यांना वाटते. सर्वोच्च न्यायालयानेही १९८० च्या बच्चन सिंग खटल्यात मृत्युदंड घटनाबाह्य ठरवला नाही. तो ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणापुरता सीमित केला.

दुसरी बाजूही तितकीच विचारपूर्वक मांडली गेली आहे. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने बलात्कारासाठी मृत्युदंडाची शिफारस करण्याचे टाळले. न्यायमूर्ती अजित शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने २०१५ साली, दहशतवादाचे आणि देशाविरुद्ध युद्धाचे गुन्हे वगळता, ही शिक्षा रद्द करावी असे सुचवले. आजन्म कारावासापेक्षा फाशीचा धाक अधिक बसतो याला पुरावा नाही, असा आयोगाचा निष्कर्ष होता. तरीही २०१८ मध्ये बारा वर्षांखालील मुलीवरील बलात्कारासाठी फाशीची तरतूद कायद्यात आली.

अधिकृत आकडेवारीतील एक बाब येथे ध्यानात घ्यावी लागते. बलात्काराच्या नोंदलेल्या दर दहा प्रकरणांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. तो शेजारी असतो, नातलग असतो, कधी घरातलाच असतो. आपल्या शब्दाने काका किंवा मामा फासावर जाईल, हे कळल्यावर किती मुली तोंड उघडतील? आणि किती घरे त्यांना उघडू देतील? शिवाय सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्यावाचून अमलात येत नाही. दिल्लीच्या प्रकरणातील दोषींना २० मार्च २०२० रोजी फाशी झाली, म्हणजे सात वर्षांहून अधिक काळाने. तेवढ्या अवधीत पाचवीतली मुलगी बारावी होते, किंवा शाळा सोडून तिचे लग्नही होते.

जैन परंपरेने या प्रश्नाकडे आपल्या दृष्टीने पाहिले आहे. गृहस्थाने संकल्पी हिंसा सोडावी, असे श्रावकाचार सांगतो. आत्मरक्षण आणि प्रजारक्षण यांतून घडणारी विरोधी हिंसा तो वेगळी मानतो. राजाचा दंड या परंपरेने नाकारला नाही. मात्र जेरबंद झालेल्या माणसाला वर्षांनंतर ठरवून मारणे यांपैकी कोणत्या हिंसेत मोडते, याचा विचार प्रत्येकाने स्वतः करावा.

अंतकृद्दशांगातील अर्जुनमाळ्याची कथा पर्युषणात घरोघरी ऐकली जाते. त्याच्या भयाने राजगृहाच्या लोकांनी नगराबाहेर जाणे सोडले होते. अशा वेळी सुदर्शन नावाचा श्रेष्ठी भगवान महावीरांच्या दर्शनासाठी त्याच वाटेने निघाला. संकट समोर येताच तो ध्यानस्थ उभा राहिला, आणि अर्जुनमाळ्याच्या देहातील यक्ष निघून गेला. पुढे तोच मारेकरी साधू झाला आणि लोकांचे शिव्याशाप, मार सोसून मुक्त झाला. अर्जुनमाळ्याच्या परिवर्तनाइतकेच या कथेत दुसरेही काही घडते. लोकांनी भयाने सोडलेली वाट एका व्यापाऱ्याने पुन्हा चालती केली.

आजही वाट चालती करता येते. बिहारने २००६ साली नववीतल्या मुलींना सायकली देण्यास आरंभ केला. पुढे झालेल्या अभ्यासात आढळले की, त्यामुळे माध्यमिक शाळेतील योग्य वयाच्या मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलामुलींमधील तफावत ४० टक्क्यांनी घटली. मुली घोळक्याने सायकलवरून जाऊ लागल्या आणि वाटेचे भय ओसरले. महाराष्ट्रातही अहिल्याबाई होळकर योजनेतून ग्रामीण विद्यार्थिनींना एसटीचा मोफत प्रवास मिळतो. मात्र शाळेच्या वेळेला गाडी आली तरच त्या सवलतीला अर्थ उरतो.

जैन समाजाला हे काम नवे नाही. मुंबईत मगनबाईंनी आणि सोलापुरात पंडिता सुमतीबाई शहा यांनी श्राविकांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले. त्यांच्या पाठीशी पेढ्यांची थैली उभी राहिली. बाजारपेठेच्या गावातील व्यापाऱ्याला कोणत्या वस्तीवरची मुलगी अलीकडे शाळेच्या गणवेशात दिसेनाशी झाली, हे सरकारी अहवालाच्या आधी ठाऊक असते. चातुर्मासातील दानाचा एक वाटा अशा वाटेवरच्या दिव्यांना, सायकलींना किंवा मुलींच्या वसतिगृहाला मिळाला, तर ते ज्ञानदान होईल आणि अभयदानही.

फाशीचा वाद न्यायालयांत आणि संसदेत चालू राहील, तो चालावाही. पण तो मिटण्याची वाट पाहत कोणत्याही मुलीचे दप्तर खुंटीला टांगलेले राहू नये.