न्यूट्रल का लागत नाही?

मागच्या खेपेला आपण ‘तटस्थ’ या शब्दापाशी थांबलो होतो. तट म्हणजे काठ. काठावर उभा तो तटस्थ. तेव्हा मागच्या रांगेतून एका तरुणाने विचारलं होतं, ‘सर, काठावर न जाता, प्रवाहातच राहून तटस्थ होता येतं का?’ आम्ही बरंच बोललो, पण घरी गेल्यावर ते उत्तर आमचं आम्हालाच पटेना. म्हणून आज दुसऱ्या वाटेने जाऊ. आजचा विषय मोटरसायकल. हसू नका, खरंच मोटरसायकल.

आमचं वय चौऱ्याहत्तर. मुर्धा, राई, मोरवा, पुढे उत्तन, या रस्त्यावर आम्ही गेली कित्येक वर्षं दुचाकीवरूनच हिंडतो. गाडी साधी, पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर, अशी. गेल्या वर्षी तिला एक खोड लागली. थांबलं की न्यूट्रल लागेना. पाय वर केला की दुसरा, खाली दाबला की पुन्हा पहिला, आणि हिरवा दिवा काही पेटत नाही. मग क्लच दाबून धरून उभं राहायचं. मागे रिक्षांचे हॉर्न.

एका संध्याकाळी भाईंदर स्टेशनच्या बाजूला असेच उभे होतो. बोटांत गोळा आला, क्लच निसटला आणि गाडीने हातभर उडी मारली. समोर एका कोळणीची पाटी होती, ती कलंडली. बाईंना काही झालं नाही, पण बोंबील रस्त्यावर. त्यांनी आम्हाला जे ऐकवलं ते योग्यच होतं. घरी मुलाने एवढंच म्हटलं, ‘बाबा, आता विकून टाकू या गाडी.’

आमचाही समज तोच झाला होता, की पाय म्हातारा झाला. राईतल्या एका मेकॅनिकने मात्र पायाकडे बघितलंच नाही. त्याने गाडी मधल्या स्टँडवर घेतली, इंजिन चालू केलं, पहिला टाकला आणि क्लच पूर्ण दाबला. मागचं चाक फिरतच राहिलं. थंड तेलाने थोडं फिरतंच म्हणा, पण इथे हलका ब्रेक लावला तरी चाक थांबेना, उलट इंजिनच दबायला लागलं. तो म्हणाला, ‘काका, गिअरला काय झालं नाय. तुमचा क्लच सुटत नाय.’

म्हणजे काय, ते नीट बघू. गिअरबॉक्समधल्या दातेरी चाकांच्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्याच असतात. आपण पायाने दांडी हलवतो तेव्हा एक चाक दांड्यावर सरकतं आणि त्याच्या अंगावरच्या खुंट्या शेजारच्या चाकाच्या खाचांत बसतात. गिअर पडला तो असा. न्यूट्रल म्हणजे कुठल्याच खाचेत खुंटी नाही.

आता पावसाळ्यात फुगलेलं दार आठवा. दार कडीला रेटत असेल तर कडी सरकत नाही, कितीही ओढा. खांद्याने दार जरा आत दाबलं की तीच कडी बोटाने सरकते. इथेही तसंच. क्लच पूर्ण सुटला नाही तर इंजिनचा रेटा खुंट्यांवर राहतो, त्या खाचेत घट्ट धरल्या जातात. आपण मग पायाचा जोर वाढवतो. खुंटी सुटते ती झटक्याने, आणि न्यूट्रल ओलांडून थेट दुसऱ्यात जाते.

त्यात न्यूट्रलची खोबणी मुद्दाम उथळ ठेवलेली असते. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडी मध्येच अडकू नये म्हणून. चालत्या माणसाने मध्ये पडू नये, ही रचनाकाराची इच्छा. थांबलेल्या माणसाला तिचाच त्रास. ॲरिस्टॉटल म्हणतो की वर्तुळाचा मध्य सापडणं हे कुणाचंही काम नव्हे, ते जाणकाराचं काम. त्याने मोटरसायकल चालवली नव्हती, तरी मुद्दा कळतो. चार गिअरच्या बऱ्याच शंभर सीसी गाड्यांत न्यूट्रल मध्ये नसून एका टोकाला असतो, तिथे ही शोधाशोध कमी.

कारखानदारांनाही ही अडचण ठाऊक होती. जुन्या उजव्या पायाच्या बुलेटला न्यूट्रलसाठी वेगळी छोटी दांडी असे. क्लच दाबून ती टाचेने दाबली की दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्यातून थेट न्यूट्रल. पहिल्यातून मात्र नाही. कावासाकीच्या बऱ्याच गाड्यांत गिअरच्या आत पोलादी गोळ्या ठेवतात. चाक फिरत असलं की त्या बाहेर फेकल्या जातात. गाडी उभी राहिली की आत पडून दुसऱ्या गिअरची वाट अडवतात. मग पहिल्यातून पाय वर उचलला की न्यूट्रलच.

आपल्या गाडीत तसलं काही नाही. तेव्हा आधी केबल बघायची. क्लचच्या दांडीच्या टोकाशी साधारण 10 ते 20 मिलिमीटर ढिलाई असावी. नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. जास्त ढिली असेल तर दांडी पूर्ण दाबूनही प्लेटा पूर्ण सुटत नाहीत. अगदीच ताणलेली नको, मग क्लच घसरतो. त्यानंतर तेल. जुनं किंवा फार जाड तेल प्लेटांना चिकटवून ठेवतं, म्हणून सकाळी त्रास जास्त. एवढं करूनही फरक नसेल तर प्लेटा वाकल्या असतील, किंवा त्या ज्या डब्यात बसतात त्याच्या कडांना खाचा पडल्या असतील. ते काम घरी करू नये.

आणि रस्त्यात अडलात तर? चाक पूर्ण थांबण्याआधीच, दुसऱ्यात असताना, हलक्या पायाने न्यूट्रल घ्या. थांबून गेलात तर क्लच दाबून गाडी बोटभर मागेपुढे हलवा, रेटा सुटतो. तेही नाही जमलं तर इंजिन बंद करा. हिरव्या दिव्यावर मात्र पुरता विश्वास नको. तो एका बटणाची खबर देतो, गिअरची नव्हे. दिवा पेटला तरी क्लच हळूच सोडावा, ब्रेकवर पाय ठेवून.

आता त्या तरुणाचा प्रश्न. गीतेत ‘उदासीनवत्’ असा शब्द आहे. उत् आणि आसीन, वर किंवा बाजूला बसलेला. पण त्याला ‘वत्’ जोडलंय. बसल्यासारखा. खरोखर बाजूला गेलेला असा नव्हे. न्यूट्रलमध्ये इंजिन चालूच असतं, फक्त त्याचा रेटा चाकाला पोचत नाही. आम्ही त्या दिवशी ‘मनाचा निश्चय हवा’ असं काहीतरी बोललो होतो. निश्चय म्हणजे पायाचा जोर. तो असूनही आमचं न्यूट्रल लागत नव्हतं.

(श्रोत्यांतून : सर, रिक्षाला पण असंच होतं का?)

हो. डाव्या मुठीत गिअर असला तरी क्लच सुटला नाही तर आत रेटा तोच. तुम्ही रिक्षावाले दिवसातून शंभरदा क्लच दाबता, केबल आधी बघा.

आमच्या गाडीची केबल बदलली, तेल बदललं. न्यूट्रल पहिल्या फटक्यात लागायला लागलं. आम्ही विजयी मुद्रेने घरी आलो, तर मुलगा म्हणतो, ‘केबल बदललीत, हात कुठे बदललाय?’ याला उत्तर नव्हतं; क्लच त्या दिवशी बोटांतूनच निसटला होता. मग ठरलं असं, की दर महिन्याच्या एक तारखेला अंगणात इंजिन बंद ठेवून क्लच पूर्ण दाबून धरायचा, दोन मिनिटं, घड्याळ मुलाच्या हातात. ज्या महिन्यात सुटेल त्या दिवशी चावी त्याच्याकडे. या महिन्यात धरला. शेवटी बोटं थरथरत होती, ते त्यालाही दिसलं.