हक्काचं माणूस आणि माणसाचे हक्क

मराठीत एक फार गोड शब्दप्रयोग आहे, ‘हक्काचं माणूस’. अडल्या वेळी ज्याच्या दारात न विचारता जाता येतं, ज्याच्याकडे चहा मागून पिता येतो, ते आपलं हक्काचं माणूस. ‘तुला हक्कानं सांगतोय’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यात दमदाटी नसते, आपलेपणा असतो. पण हाच शब्द ‘हक्कांसाठी मोर्चा’ असा कानावर पडला, की अनेकांच्या कपाळाला आठी पडते. ‘सगळ्यांना हक्क पाहिजेत, कर्तव्य कुणालाच नको,’ हे वाक्य तर ठरलेलंच. तेव्हा हक्क म्हणजे नेमकं काय आणि तो किती प्रकारचा असतो, हे आज थोडं शांतपणे पाहू या.

हा शब्द मूळचा अरबी. फारसीच्या वाटेनं तो मराठी दप्तरात आला आणि गावागावांत रुजला. अरबीत त्याचा एक अर्थ सत्य असा आहे आणि दुसरा अर्थ, ज्याचं त्याला जे पोहोचायला हवं ते. मला हे दोन अर्थ एकत्र असणं फार महत्त्वाचं वाटतं. हक्क मागणारा माणूस नवीन काही मागत नसतो. जे खरं आहे तेवढं मान्य करा, इतकंच तो म्हणत असतो.

हक्काच्या शेजारी आपण ‘अधिकार’ हा शब्दही वापरतो. कायद्यात दोन्ही शब्द चालतात. माहितीचा ‘अधिकार’ म्हणतात आणि शिक्षणाचा ‘हक्क’ म्हणतात. पण बोलीभाषेनं एक फरक जपला आहे. तहसीलदाराला अधिकार असतो, तो खुर्चीबरोबर येतो आणि बदलीबरोबर जातो. हक्क मात्र माणसाबरोबर राहतो. आणि एकाचा हक्क म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी कर्तव्य असतंच. माझं देणं तुमच्याकडे आहे, असं म्हणायचं आणि तुमच्यावर द्यायचं बंधन नाही असंही म्हणायचं, हे जमत नाही. म्हणून ‘हक्क की कर्तव्य’ हा वादच मुळात खोटा आहे.

हक्क आणि मेहेरबानी यांतला फरकही समजून घ्यायला हवा. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आमच्या पिढीनं आईवडिलांकडून ऐकल्या. खडी फोडायची कामं निघाली, सुकडी वाटली गेली, माणसं जगली. पण काम काढणं न काढणं सरकारच्या मर्जीवर होतं. पुढे १९७७ साली महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा केला. काम तेच, माती तीच, पाटी तीच. बदललं ते एवढंच, की मजूर आता ‘काम द्या हो’ अशी विनवणी न करता ‘काम मागतो आहे, नोंद करा’ असं म्हणू शकत होता. मेहेरबानीला हात जोडावे लागतात. हक्काला नोंद पुरते.

आता प्रकारांकडे वळू. पहिला प्रकार रूढीनं आलेल्या हक्कांचा. गावगाड्यात बलुतेदारांचे हक्क ठरलेले असत. सुताराचा, लोहाराचा, कुंभाराचा, न्हाव्याचा. अनेक गावांत मुलाण्याचंही बलुतं असे. माझे आजोबा मुलाणकी करायचे. सुगीत खळ्यावर गेले की त्यांच्या वाट्याचं धान्य पदरात पडायचं आणि ते भीक म्हणून नव्हे, हक्क म्हणून. या व्यवस्थेचं गुणगान करणारे पुष्कळ आहेत. पण हा हक्क जन्माला बांधलेला होता. ज्याच्या वाट्याला मान आला त्याला तो गोड लागला, ज्याच्या वाट्याला राबणूक आली त्याच्या गळ्यात तो दोर झाला. महार वतनाचं हेच झालं. नावाला वतन, पण त्या तुटपुंज्या जमिनीच्या बदल्यात अख्ख्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या वेठ करायची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं ते त्यासाठीच. जो हक्क माणसाला बांधून ठेवतो, तो सोडणं हीच मुक्ती असते.

दुसरा प्रकार नैतिक हक्कांचा. म्हाताऱ्या आईवडिलांनी मुलाकडे सांभाळ मागावा, शेजाऱ्यानं अडचणीत मदत मागावी, हे नैतिक हक्क. त्यांच्यामागे लोकलाज आणि मन असतं. मन मेलं की हे हक्कही उघडे पडतात. मग कायद्याला पुढे यावं लागतं. आईवडिलांच्या सांभाळासाठी २००७ साली आपल्या देशाला वेगळा कायदा करावा लागला, ही गोष्ट अभिमानाची की शरमेची, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

तिसरा प्रकार कायदेशीर हक्कांचा. घर, जमीन, पगार, करार, मतदान हे सारे यात येतात. इथे हक्क मोडला तर कोर्टाची पायरी चढता येते. आणि चौथा प्रकार त्याहून वरचा, मूलभूत हक्कांचा. आपल्या संविधानाच्या तिसऱ्या भागात ते लिहिलेले आहेत. समानतेचा, स्वातंत्र्याचा, शोषणाविरुद्धचा, धर्मस्वातंत्र्याचा, अल्पसंख्याकांच्या संस्कृती व शिक्षणाचा आणि या साऱ्यांसाठी दाद मागण्याचा. साधा कायदा सरकार बहुमतानं बदलू शकतं. मूलभूत हक्क हिरावून घेणारा कायदा मात्र न्यायालय रद्द ठरवू शकतं. हक्क एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातात हेही लक्षात ठेवावं. मालमत्तेचा हक्क आधी मूलभूत होता, तो १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं साधा कायदेशीर हक्क झाला. उलट मुलांचं शिक्षण आधी केवळ मार्गदर्शक तत्त्व होतं. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीनं ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी ते मूलभूत हक्कांत आलं.

पाचवा प्रकार मानवी हक्कांचा. ते नागरिक म्हणून नव्हे, केवळ माणूस म्हणून असतात. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघेल अशी इंग्रजी शब्दयोजना होती. तिथे ‘सर्व मानव’ असे शब्द आले, त्याचं मोठं श्रेय भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांना दिलं जातं. एका शब्दाचा फरक, पण त्यात अर्धी माणुसकी आत आली.

इतके प्रकार सांगितले, पण हक्क कागदावर आला म्हणजे हाती आला असं नाही. महाडचं चवदार तळं आठवा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केलं. म्हणजे हक्क दोनदा कागदावर आला. तरी पाणी कुणी घेऊ शकलं नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा तो हक्क खरा जिवंत झाला. त्यानंतर मारहाण झाली, तळं ‘शुद्ध’ केलं गेलं, नगरपालिकेनं ठराव मागे घेतला, दावा लागला. उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं.

महाडची गोष्ट सांगताना आपण दुसऱ्या बाजूला असतो असं सर्वांनाच वाटतं. मलाही वाटायचं. म्हणून आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो.

वडील वारले, तेव्हा गावातलं घर आम्हा दोन भावांच्या आणि एका बहिणीच्या वाट्याला आलं. इस्लामी वारसा कायद्यात मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा आहे. तो कमी का, हा प्रश्न जरूर विचारावा, पण निम्मा तरी तिचा आहेच. आम्ही काय केलं? आपाला गावी बोलावलं आणि हक्कसोडपत्र करून घेतलं. ती एसटीनं आली, निबंधकाच्या कचेरीत तिनं फोटो दिला, अंगठा दिला, सही केली. कागदावर लिहिलं होतं, ‘स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय’. खोटं काहीच नव्हतं, कुणी दबाव टाकलाच नव्हता. फक्त ‘बहिणीनं हिस्सा घेतला तर माहेर तुटतं’ हे वाक्य तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. बाहेर पडताना ती हसत म्हणाली, “आता मी पाहुणी म्हणून यायचं का रे?” मी तिला रसवंतीत नेऊन उसाचा रस पाजला. त्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही.

हे काही आमच्याच समाजात होतं असं नाही. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा मिळाला. हा हक्क तिला जन्मानंच मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरीही गावोगाव बहिणींच्या सह्या होतच असतात. कायदे वेगळे, कागद एकच.

आमच्याकडे हक्कांचे आणखी दोन भाग सांगतात. एक अल्लाहचे हक्क, दुसरे माणसांचे हक्क. अल्लाह आपल्या हक्कातली चूक माफ करील, पण माणसाचा हक्क मारला तर माफी त्या माणसाकडेच मागावी लागते. हे मी लहानपणी मशिदीत ऐकलं होतं. उमगायला पन्नाशी उलटावी लागली. भावाशी बोललो, तोही तयार झाला. मग आपाकडे गेलो आणि म्हणालो, “घरातल्या मागच्या दोन खोल्या तुझ्या. कधीही ये, कधीही राहा.” मला वाटलं, ती ‘कशाला रे’ म्हणेल. ती म्हणाली, “तसं तोंडी नको. कागद कर. माझ्या पोरींना दाखवायला होईल.”

आम्ही बक्षीसपत्र केलं. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर तिचं नाव लागलं. माहेर तुटलं नाही. ती येते, स्वतःच्या खोलीचं कुलूप स्वतः काढते आणि चहा आमच्याकडे मागून पिते.

हक्काचं माणूस कशाला म्हणतात, हे मला त्या दिवसापासून कळलं. ज्याचा हक्क आपण मानतो, तेच आपल्या हक्काचं माणूस. हिस्सा नाकारून नुसतं ‘हक्कानं ये’ म्हणण्यात काही अर्थ नसतो.