चारी चाकांचं ओझं पेलणारी चकती

घराकडे येणारा जांभ्याचा कच्चा चढ माझ्या जुन्या महिंद्रा जीपला एकाएकी जड जाऊ लागला. पाय दाबला की इंजिनाचा आवाज वाढायचा, गाडी मात्र तिथल्या तिथेच. पाठोपाठ जळका, कडवट वास. क्लच प्लेट संपली होती. मिस्त्रीकाकांना घरीच बोलावलं आणि दोन दिवस अंगणात त्यांच्या हाताखाली राबलो.

१९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात महिंद्राने आपल्याकडे विलीज जीप जोडायला घेतली. पुढे पोलीस, तहसीलदार, वनखातं आणि वडापवाले अशा सगळ्यांनी ही गाडी वापरली. इंजिन, मागे गिअर बॉक्स आणि त्याच्या पाठीला ट्रान्स्फर केस, ही तिची मांडणी. ट्रान्स्फर केसमधून एक शाफ्ट पुढच्या अ‍ॅक्सलला जातो, एक मागच्या. इंजिन आणि गिअर बॉक्स यांच्यामध्ये असते ताटलीएवढी क्लच प्लेट. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटच्या चिमटीत ती घट्ट धरलेली असते. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग स्प्रिंगला रेटतं, चिमटी सैल होते आणि इंजिन गिअर बॉक्सपासून सुटतं.

एवढ्याशा चकतीपर्यंत पोचायला अर्धी गाडी मोकळी करावी लागते. काकांनी आधी चाकांना दगड लावले आणि चेसिसखाली घोडे उभे केले. "जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही," त्यांनी बजावलं. शाफ्ट सुटले की गिअरमध्ये ठेवलेली गाडीही घरंगळते, आणि काही जुन्या जीपचा हँडब्रेकसुद्धा शाफ्टवरच असतो. मग बॅटरीची वायर काढली, ऑइल उतरवलं, खुणा करून दोन्ही शाफ्ट सोडवले, गिअरचे दांडे उपसले. ट्रान्स्फर केससकट गिअर बॉक्स दुसऱ्या जॅकवर तोलत आम्ही इंचाइंचाने मागे घेतला. फोर व्हील ड्राइव्हचं हे काम अवघड होतं ते याच वजनामुळे.

काकांनी आतली धूळ फुंकली नाही, ओल्या फडक्याने पुसली. जुन्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. प्लेट हातात आली तेव्हा अस्तर झिजून रिव्हेटांची डोकी वर आली होती. फ्लायव्हीलवर निळे-काळे डाग पडले होते, तापल्याच्या खुणा.

"लो गिअर टाकता का कधी?" काकांनी विचारलं.

"चिखलात अडकलो तरच."

"म्हणूनच ही जळली."

त्यांनी समजावलं ते मनात पक्कं बसलं. साध्या गाडीवर फार जोर आला की चाक घसरतं आणि क्लच वाचतो. चारी चाकं जमीन धरून बसली की घसरायला एक क्लचच उरतो. ट्रान्स्फर केसच्या लो गिअरमध्ये चाकाचा वेग सुमारे अडीच पट कमी होतो आणि जोर तेवढाच वाढतो, त्यामुळे हाफ क्लचवर गाडी रेटावी लागत नाही. मी मात्र त्या चढावर वर्षानुवर्षं तेच करत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी फ्लायव्हील लेथवर साफ करून आणलं. नवी प्लेट जुन्या इनपुट शाफ्टने सेंटरला धरली आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. एकच बाजू आधी आवळली तर प्लेट वाकते. रिलीज बेअरिंगही नवं घातलं, कारण तेवढ्यासाठी पुन्हा सगळं उतरवणं परवडत नाही. गिअर बॉक्स जागेवर बसेना तेव्हा काकांनी बोल्टने खेचायला मनाई केली. शाफ्ट जरासा फिरवला, उंची केसभर बदलली, आणि खट्‌ करून तो आत गेला.

संध्याकाळी पेडलचा फ्री प्ले जुळवून काका शेजारी बसले. चढाच्या पायथ्याशी मी थांबलो, ट्रान्स्फर केसचा दांडा लोमध्ये टाकला आणि पेडल पूर्ण सोडलं. जीप सावकाश, एका लयीत वर चढली. काकांनी खिडकीबाहेर डोकं काढून वास घेतला. ओल्या मातीचाच होता.