‘उपकेंद्रात डॉक्टरच नाही, मग जायचं कशाला?’

अलिबागच्या एसटी स्टँडवर, सिव्हिल हॉस्पिटलच्या ओपीडीच्या रांगेत, मांडव्याच्या जेटीवर एक तक्रार सतत कानांवर येते : ‘‘आमच्या गावात आरोग्य मंदिराचा बोर्ड लागलाय, पण आत डॉक्टर नाही. एक मॅडम बसते. बीपी बघते नि गोळ्या देते. तिला काय कळतंय? त्यापेक्षा पनवेलला मोठ्या डॉक्टरला दाखवलेलं बरं.’’

बोलणारा बहुधा पन्नाशीच्या पुढचा असतो. बीपी किंवा शुगर असते, कधी दोन्ही. आणि थोडं खोदून विचारलं की कळतं, पनवेलच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या दीड महिन्यापूर्वीच संपल्यात. पुन्हा जायला जमलेलं नाही. एक दिवसाचा रोज बुडतो, वाटेत वडखळला तास जातो, सोबत कोणीतरी लागतं. म्हणजे मोठा डॉक्टर पाहिजे म्हणून उपकेंद्रात पाऊल टाकायचं नाही, मोठ्या डॉक्टरकडे वेळेवर जाता येत नाही, आणि या दोन्हींच्या मध्ये रक्तदाब 170 वर. या हट्टापायी पक्षाघात झालेली माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत. म्हणून राग येतो.

आधी ही मॅडम (किंवा सर) कोण, ते बघू. पदाचं नाव समुदाय आरोग्य अधिकारी. गावात सगळे सीएचओ म्हणतात. 2018 साली आयुष्मान भारत योजना आली, तेव्हा देशभरातली दीड लाख उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं बदलायचं ठरलं. आधी त्यांना आरोग्यवर्धिनी म्हणायचे, 2023 च्या अखेरीस आयुष्मान आरोग्य मंदिर असं नाव झालं. उपकेंद्रात पूर्वीपासून एएनएम सिस्टर होतीच. लसीकरण, गरोदर बायांची तपासणी ती बघायची आणि आजही बघते. सीएचओ हे नवं पद. महाराष्ट्रात या पदावर बीएएमएस झालेले बरेच जण आहेत, नर्सिंगचे पदवीधरही आहेत, आणि त्यावर सामुदायिक आरोग्याचं सहा महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण. ‘नुसती पोरगी बसवलीय’ असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी विचारून घ्यावं.

ती एमडी आहे का? नाही, आणि तसं कोणी सांगितलेलंही नाही. प्रश्न असा आहे की बीपीच्या माणसाला दर महिन्याला एमडी लागतो का?

हिशेब मांडून बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) देशात पंधरा वर्षांवरच्या बायकांपैकी 21.3 टक्के आणि पुरुषांपैकी 24 टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला आहे किंवा ते त्यासाठी औषध घेतात. अलिबाग तालुक्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच सव्वादोन लाखांच्या पुढे होती. तेच प्रमाण इथं धरलं तर एकट्या बीपीची चाळीस हजारांच्या आसपास माणसं होतात. प्रत्येकाने महिन्यातून एकदा सिव्हिलच्या फिजिशियनला दाखवायचं म्हटलं, तर रोज हजाराच्या वर पेशंट. 2021 पासून सिव्हिलला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जोडलं गेलं हे चांगलंच झालं, पण या गणिताला ते एकटं पुरं पडणार नाही. उलट एका उपकेंद्राकडे सपाटीच्या गावांत साधारण पाच हजार आणि डोंगराळ-आदिवासी भागात तीन हजार लोकवस्ती असते. त्यात बीपीवाले पाचशे ते आठशे. एवढी माणसं नावानिशी माहीत असू शकतात. कोण या महिन्यात आला नाही, हे वहीत दिसतं आणि आशाताई त्याच्या दारात जाऊ शकते.

बीपी आणि शुगरचं निदान करणं, पहिली गोळी ठरवणं, ती लागू पडली नाही तर बदलणं, किडनी-डोळे-हृदयावर परिणाम झालाय का हे बघणं, ही डॉक्टरची कामं. ती वर्षातून काही वेळा लागतात. बाकीचे अकरा महिने जे लागतं ते असं : नीट मोजणं, गोळी न चुकणं, काही बिघडत असेल तर वेळेत ओळखून वर पाठवणं. आजार आटोक्यात राहतो की नाही ते या अकरा महिन्यांत ठरतं. आणि हे काम शिकलेला, हाताशी असलेला, वेळ देणारा माणूस मोठ्या डॉक्टरइतकंच चांगलं करतो, कित्येकदा जास्त चांगलं.

‘मोजणं’ म्हटलं की लोक हसतात. मशीन लावलं, आकडा आला, त्यात काय शिकायचं? तर बघा. पेशंट उन्हातून चालत आला की पाच मिनिटं पाठ टेकून बसवायचा. पाय जमिनीला टेकलेले, एकावर एक नाही. दंडावरची बाही वर करून दाटली तर ती काढायलाच सांगायची. कपड्यावरून पट्टा बांधायचा नाही. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीला. मशीन चालू असताना बोलायचं नाही, त्यालाही बोलू द्यायचं नाही. आकडा वाढलेला आला तर थोडं थांबून पुन्हा घ्यायचा. अर्ध्या तासाच्या आत चहा किंवा तंबाखू झालीय का, हे आधी विचारायचं. यातली एक गोष्ट चुकली तरी आकडा पाच-दहाने सहज हलतो आणि त्यावरून गोळी वाढते. गर्दीच्या ओपीडीत दोन मिनिटांत यातलं किती पाळलं जातं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

शुगरच्या पेशंटचे पाय बघणं हे दुसरं काम. आपल्याकडे कालवं काढायला खडकांत उतरणाऱ्या बाया आहेत, अनवाणी पुळणीवरून होड्या ओढणारे आहेत. शुगरने तळव्याची जाणीव गेलेली असली की शिंपल्याने चिरलेलं कळतच नाही. कळतं ते पाय सुजून काळा पडायला लागल्यावर. चप्पल काढायला लावून बोटांच्या बेचक्या उघडून बघणं, नायलॉनच्या बारीक तंतूने तळव्याला टोचून ‘लागतंय का’ विचारणं, याला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडे जावं.

‘हे सगळं ठीक, पण पुरावा काय?’ असं कोणी विचारलं तर ते योग्यच आहे. पुरावा आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत शाळा थोडीफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची तपासणी शिकवली. जंतुसंसर्ग ओळखायचा, आणि आईबाप बाळाला दवाखान्यात नेत नसतील तर घरीच प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायचं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 1999 मध्ये निष्कर्ष छापले : तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी कमी. तिथं बालरोगतज्ज्ञ गेले नव्हते. त्यांचं ज्ञान गेलं होतं, पक्क्या नियमांत बसवून.

आपल्या जिल्ह्यातलंच महाडचं उदाहरण वेगळं आहे, पण त्यातलं सूत्र तेच. लाल विंचू चावून कोकणात माणसं मरत. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन ही साधी रक्तदाबाची गोळी त्यावर चालते हे दाखवून दिलं. शोध लावायला त्यांच्यासारखा डॉक्टर लागला, पण एकदा नियम बसल्यावर ती गोळी आडगावच्या आरोग्य केंद्रातही देता येऊ लागली.

बाहेरचंही सांगतो. डॉक्टरांच्या जागी प्रशिक्षित परिचारिकांनी प्राथमिक उपचार केले तर काय होतं, यावर झालेल्या 18 चाचण्या कॉक्रेन या संस्थेने 2018 मध्ये एकत्र तपासल्या. पेशंटची प्रकृती डॉक्टरांइतकीच, काही बाबतीत थोडी बरी, समाधान जास्त, तपासायला दिलेला वेळही जास्त. त्याआधी 2000 साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात न्यूयॉर्कमधला अभ्यास आला होता. 1316 पेशंट चिठ्ठ्या टाकल्यासारखे डॉक्टर आणि नर्स प्रॅक्टिशनर यांच्यात वाटले गेले. सहा महिन्यांनी त्यांच्या प्रकृतीत फरक सापडला नाही. अमेरिकेत हे शिक्षण 1965 पासून आहे. तेव्हा ‘परदेशात असलं चालत नाही’ हेही सोडून द्यावं.

आता दुसऱ्या टोकाचा गैरसमज, आणि तोही तितकाच घातक : ‘सीएचओ म्हणजे डॉक्टरच, सगळं तिथंच होतं.’ नाही. वरचे बहुतेक चांगले निकाल एका अटीवर आलेत. काम ठरलेलं पाहिजे, मर्यादा ठरलेल्या पाहिजेत आणि पाठीशी डॉक्टर पाहिजे. इंग्लंडमध्ये या मर्यादा धूसर झाल्या, पेशंटना आपण डॉक्टरसमोर बसलोय की नाही तेच कळेना, आणि मोठा वाद झाला. तिथल्या सरकारने नेमलेल्या प्राध्यापक जिलियन लेंग यांच्या अहवालाने 2025 मध्ये सांगितलं की डॉक्टरांना मदत करणाऱ्यांचं ‘फिजिशियन असोसिएट’ हे नाव बदलून ‘असिस्टंट’ करा, आणि निदान न झालेले पेशंट सरसकट त्यांच्यापुढे बसवू नका. आपण यातून शिकावं. उपकेंद्रात पहिल्यांदाच बीपी वाढलेलं सापडलं तर उपचार सुरू करायचा निर्णय वैद्यकीय अधिकाऱ्याचा. सीएचओ तो पुढे चालवते. ती स्वतःच्या मनाने नवी औषधं लिहायला लागली तर तक्रार करावी. आणि ती ‘हे माझ्या हातचं नाही, सिव्हिलला जा’ म्हणाली, तर तिला काही येत नाही असा अर्थ काढू नये. ते तिच्या कामाचंच अंग आहे.

आणखी एक गोंधळ कायद्याचा. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात कलम 32 आहे. त्यात ‘कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर’ना प्राथमिक उपचारांपुरता मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे, आणि त्याविरुद्ध डॉक्टरांच्या संघटनेने त्या वर्षी देशभर आंदोलन केलं होतं. लोक हे आणि सीएचओ एकच समजतात. उपकेंद्रातला सीएचओ त्या परवान्यावर बसलेला नाही. तो राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटावर आहे.

कंत्राट म्हटल्यावर एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. ‘सरकारने डॉक्टर द्यायचे टाळण्यासाठी ही पळवाट काढलीय’ या आरोपात तथ्याचा अंश आहे. तज्ज्ञांची पदं रिकामी ठेवून सीएचओकडे बोट दाखवलं तर ती फसवणूकच. गोळ्यांचा साठा संपला, तर उत्तम शिकलेली सीएचओही रिकाम्या हाताने पेशंटला परत पाठवते, आणि तो पुन्हा येत नाही. भांडायचं असेल तर यावर भांडा. ग्रामपंचायतीत विचारा की बीपी-शुगरच्या गोळ्या किती दिवस नव्हत्या.

किरकोळ गैरसमज भराभर उरकतो.

‘व्हिडिओवर डॉक्टरला काय दिसणार?’ ई-संजीवनी या सरकारी व्हिडिओ सल्ला सेवेवर समोर सीएचओ बसलेली असते. मोजमाप आणि हाताने तपासणी ती करते, तज्ज्ञ पलीकडून विचारतो. जुन्या आजाराची औषधं बदलायला हे पुष्कळदा पुरतं, पोट दाबून बघायचं असेल तर पुरत नाही.

‘सरकारी गोळी हलकी.’ अ‍ॅम्लोडिपिन हे अ‍ॅम्लोडिपिनच असतं. चकचकीत पाकिटाने रक्तदाब जास्त उतरत नाही.

‘मला काही त्रास नाही, म्हणजे बीपी नाही.’ बहुतेकांना काहीच त्रास होत नाही, म्हणून तर तिशीनंतर तपासायला बोलावतात.

‘आकडा नॉर्मल आला, गोळी बंद.’ तो गोळीमुळे नॉर्मल आलाय.

‘पांढरा कांदा खातो, गोळी कशाला?’ आपला कांदा गोड आहे, जरूर खावा. 140/90 च्या वरचा दाब तो आटोक्यात ठेवत नाही. जेवणातलं बघायचंच असेल तर सुकट-बोंबलातलं मीठ बघा; जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत म्हणते.

‘समुद्रावर असताना कोण तपासणार?’ बोटीवर जाण्याआधी येऊन महिन्याच्या गोळ्या मागून घ्या. 1 जून ते 31 जुलै बंदीचा काळ आहेच. वर्षातली मोठी तपासणी, डोळ्यांचा पडदा आणि किडनीचं रक्त, तेव्हा सिव्हिलला करून घ्यावी.

आणि छातीत कळ येऊन घाम फुटला, तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, तर उपकेंद्रात थांबू नका, सीएचओची वाट बघू नका. 108 ला फोन करा.