कडकनाथ : घरच्या उबवणीपासून वंशरक्षणापर्यंत

काळ्या पिसांची कोंबडी हे काही नवल नव्हे. परंतु कडकनाथ जातीच्या पक्ष्याची पिसे बाजूला सारून पाहिली, तर खालील त्वचाही काळीच आढळते. तुरा, जीभ व नखेच नव्हेत, तर हाडांवरील आवरण आणि आतील इंद्रियेही काळसर असतात. रक्त मात्र इतर कोंबड्यांप्रमाणे तांबडे, आणि अंडे फिकट बदामी. मध्य प्रदेशाच्या पश्चिम टोकास असलेल्या झाबुआ, अलीराजपूर व धार या भागांत भिल्ल व भिलाला समाजांनी ही जात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. तिकडे तिला 'कालामासी' असेही म्हणतात. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि या पक्ष्याचे नाव देशभर झाले.

कीर्तीबरोबर संकटेही आली. २०१९ साली पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथ-पालनाच्या नावाखाली शेतकऱ्यांची मोठी फसवणूक झाल्याचे उघडकीस आले. जानेवारी २०२१ मध्ये खुद्द झाबुआ जिल्ह्यातील एका पालनकेंद्रात बर्ड फ्लूची साथ शिरली व तेथील पक्षी नष्ट करावे लागले. एखादी जात एकाच प्रदेशात एकवटलेली असली, की अशी एक साथही तिला घातक ठरू शकते. म्हणूनच दूरदूरच्या घरांत सांभाळलेल्या लहान कळपांना महत्त्व आहे. जबलपूरच्या महाराजपूर भागातील परसातही असा कळप राखता येईल. मात्र त्यासाठी दोन गोष्टी नीट समजून घेतल्या पाहिजेत : अंडे कसे उबते, आणि वंश कसा टिकतो.

पहिली गोष्ट उबवणीची. कडकनाथ मादी सहसा खुडूक होत नाही; म्हणून तिची अंडी दुसऱ्या गावठी खुडूक कोंबडीखाली किंवा उबवणी यंत्रात ठेवतात. अंडी ताजी, शक्यतो सात दिवसांच्या आतील असावीत व रुंद टोक वर करून थंड जागी ठेवावीत. यंत्रातील उष्णतामान ३७.५ अंश सेल्सियसच्या जवळ स्थिर राखावे लागते. जबलपूरला मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा वेळी साध्या पेटीतील अंडी तापून आतील भ्रूण मरतात, कारण यंत्र उष्णता देऊ शकते, काढून घेऊ शकत नाही. म्हणून उन्हाळ्याचा कहर टाळून उबवणीस बसणे शहाणपणाचे.

अंडी दिवसातून तीन-चार वेळा फिरवावी लागतात, अन्यथा भ्रूण कवचाखालील पापुद्र्यास चिकटतो. कोंबडी हेच काम चोचीने करीत असते. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे दिवा धरला, तर तांबड्या शिरांचे जाळे व भ्रूणाचा काळा डोळा दिसतो. ज्यात काहीच दिसत नाही, ते अंडे बाजूला काढावे. ॲरिस्टॉटलने दोन हजार वर्षांपूर्वी एकामागून एक अंडी फोडून भ्रूणाच्या हृदयाचे स्पंदन पाहिले होते. आज तेच जीवन अंडे न फोडता पाहता येते.

कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी उडून जाते व रुंद टोकाकडील वायुकोश मोठा होतो. अठराव्या दिवसानंतर अंडी फिरविणे थांबवून आर्द्रता वाढवितात. विसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू वायुकोशात चोच खुपसून फुप्फुसाने पहिला श्वास घेते आणि एकविसाव्या दिवशी कवच फोडून बाहेर येते. कवचाला चीर पडल्यापासून बाहेर येईपर्यंत कित्येक तास लागतात. या अवधीत कवच सोलून 'मदत' करू नये. पापुद्र्यातील रक्तवाहिन्या अजून चालू असतात व त्या फाटून पिल्लू दगावते. उरलेला पिवळा बलक पोटात ओढला गेलेला असल्यामुळे त्याला दोन दिवस खाद्यावाचूनही चालते.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंशांची ऊब हवी. पुढे ती दर आठवड्यास तीनेक अंशांनी कमी करावी. येथे पिल्लेच उष्णतामापक असतात. ती दिव्याखाली गर्दी करून चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजते, आणि कडेला पांगून धापा टाकीत असतील तर उष्मा होतो. जमिनीवर भाताचा तूस पसरावा; गुळगुळीत कागदावर पाय फाकून ती अधू होतात. पाणी उथळ भांड्यात द्यावे. मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोगाची लस पहिल्या आठवड्यातच टोचून किंवा थेंबांनी देण्याविषयी पशुवैद्यास विचारावे.

आता दुसरी आणि अधिक अवघड गोष्ट. पिल्लू काळे निपजले म्हणजे जात शुद्ध, असा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाही. कडकनाथाचा काळेपणा विसाव्या गुणसूत्रावरील एका भागाच्या द्विरुक्तीमुळे येतो. त्या भागात एंडोथेलिन-३ नावाचे जनुक आहे. त्यामुळे भ्रूणावस्थेत रंगपेशी फोफावून नेहमी न जाणाऱ्या ऊतींतही पसरतात. चीनच्या सिल्की व इंडोनेशियाच्या आयाम सेमानी कोंबड्यांतही हीच द्विरुक्ती आहे. हा गुण प्रभावी आहे. मात्र त्वचेतील रंग दाबणारा आणखी एक गुण लिंगगुणसूत्रावर असतो. बेटसन व पनेट यांनी १९११ साली सिल्कीच्या संकरांत दाखविले, की सिल्की नर व तपकिरी लेगहॉर्न मादी यांच्या संततीत मुली गडद, तर मुलगे फिके निपजतात. म्हणजे अर्धी परकी असलेली मादीही पुरती काळी दिसू शकते. रंग हा पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे नोंद.

म्हणून पैदाशीच्या कळपात परका नर शिरू देऊ नये. तो शिरलाच, तर त्याला हटविल्यावर निदान तीन आठवडे अंडी उबवणीस घेऊ नयेत. कारण मादीच्या शरीरात शुक्रपेशी तितके दिवस जिवंत राहतात. प्रत्येक पिल्लाचे आई-बाप व जन्मतारीख वहीत लिहून त्याच्या पायात खूणकडी घालावी. दुसरा धोका नात्यातील पैदाशीचा. दहा पक्ष्यांत एकच नर व नऊ माद्या असतील, तर आनुवंशिक हिशेबाने त्यांचे मोल चार पक्ष्यांहूनही कमी भरते. तीन नर व सात माद्या ठेवल्यास ते आठांच्या वर जाते. नर अधिक ठेवणे खर्चाचे, परंतु वंशाच्या दृष्टीने तीच खरी बचत होय. दर काही वर्षांनी दूरच्या खात्रीच्या कळपातून नर आणावा.

जबलपूरच्या पशुवैद्यक विद्यापीठात कडकनाथ व 'जबलपूर कलर' यांच्या संकरातून 'नर्मदानिधी' हा पक्षी सिद्ध झाला आहे. परसातील उत्पन्नासाठी तो उपयुक्त आहे. परंतु पुढेही असे संकर घडवायचे, तर मूळ जात कोठेतरी अभंग राहिली पाहिजे. वर्षाकाठी शंभराच्या आसपासच अंडी देणारा हा पक्षी बाजाराच्या हिशेबात मागे पडतो. त्याला टिकवून धरतो तो बाजार नव्हे, तर खोपट्याच्या दाराशी टांगलेली नोंदवही व ती रोज भरणारा हात.