विद्यापीठाचा वाण दुकानात यायला उशीर का होतो? नांदेड-44 वरून समजून घ्या

दरवर्षी मे-जूनच्या सुमारास राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त बैठक होते. तिला जॉइंट ॲग्रेस्को म्हणतात. राहुरी, अकोला, परभणी, दापोलीचे शास्त्रज्ञ वर्षभरातले नवे वाण, अवजारं आणि शिफारशी तिथं मांडतात. पेपरात बातमी येते. आपण कृषी सेवा केंद्रात जाऊन विचारतो, तर दुकानदार म्हणतो, "ते अजून मार्केटला नाय."

मग चूक कोणाची? शास्त्रज्ञाचं काम झालेलं असतं आणि दुकानदाराकडं माल पोचलेला नसतो. गडबड असते ती मधल्या साखळीत. ही साखळी समजली तर सरकारी धोरणात आपल्यासाठी काय आहे आणि काय नाही, हेही समजतं.

मधल्या साखळीत काय असतं?

सोयाबीनचं उदाहरण घ्या. वाण अधिसूचित झाला की विद्यापीठ आधी थोडंसं पैदासकार बियाणं तयार करतं. त्यापासून पायाभूत आणि पायाभूतपासून प्रमाणित बियाणं होतं. समजा एकरी 30 किलो पेरलं आणि 6 क्विंटल बियाणं निघालं. म्हणजे 1 एकरातून 20 एकरांची सोय झाली. त्या 20 एकरांतून 120 क्विंटल, म्हणजे पुढच्या 400 एकरांचं बियाणं. हा हिशोब सगळं नीट झालं तर. पाऊस काढणीत आला आणि उगवण 70 टक्क्यांच्या खाली गेली, तर तो लॉट प्रमाणित बियाणं म्हणून नापास. एक हंगाम हातचा गेला.

हे वाढवायचं काम विद्यापीठ एकटं करू शकत नाही. त्यासाठी 1976 साली अकोल्यात महाबीज उभं राहिलं. खासगी कंपन्याही विद्यापीठाशी करार करून, ठरलेली फी भरून वाण घेतात. संशोधनाचं व्यापारीकरण म्हणतात ते हेच.

कंपनी कोणतं संशोधन उचलते?

इथं खरी मेख आहे. कापसाचं संकरित बियाणं दरवर्षी नवीन घ्यावं लागतं, म्हणून कंपनीला त्यात दरवर्षी गिऱ्हाईक मिळतं. सोयाबीन, हरभरा यांचं बियाणं एकदा घेतलं की दोन-तीन वर्षं घरचंच वापरता येतं. शेतकऱ्याला ते परवडतं, पण कंपनीला त्यात फार रस नसतो. म्हणजे जे संशोधन आपल्या जास्त फायद्याचं, तेच बाजारात रेंगाळायची भीती जास्त. अशा ठिकाणीच सरकारी धोरणाची गरज असते.

नांदेड-44 चं काय झालं?

पण संकरित असूनही मागं पडलेला वाण आपल्याच भागात आहे. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने 1984 साली एनएचएच-44 हा संकरित वाण दिला. कोरडवाहूला चांगला, रस शोषणाऱ्या किडींना बऱ्यापैकी तोंड देणारा. लोकांनी त्याला नांदेड-44 नाव दिलं आणि तो राज्याबाहेरही गेला.

2002 साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळीने बेजार झालेला शेतकरी तिकडं वळला. पहिले बीटी वाण आणले ते महिकोने, म्हणजे 1964 साली जालन्यात सुरू झालेल्या कंपनीने. जीन कंपनीकडं होता आणि वाण विद्यापीठाकडं. जीन वापरायचा तर करार आणि फी लागते. इतर कंपन्यांनी करार करून आपापल्या वाणांत बीटी घातलं. विद्यापीठाच्या वाणात ते वेळेत आलं नाही आणि नांदेड-44 मागं पडला. पुढं विद्यापीठ आणि महाबीजने मिळून त्यात बीटी आणलं, पण तोवर बाजार दुसऱ्यांनी व्यापला होता.

वाणात खोट नव्हती. योग्य वेळी करार करणारी, पैसा लावणारी यंत्रणा कमी पडली.

राज्याचं धोरण काय सांगतं?

2018 साली राज्याचं स्टार्टअप धोरण आलं, 2025 साली नवीन धोरण मंजूर झालं. राज्य नाविन्यता सोसायटी निवडक स्टार्टअपला सरकारी खात्यात काम करून दाखवण्यासाठी कार्यादेश देते. कल्पना चांगली आहे, कारण नव्या मालाला पहिलं गिऱ्हाईक मिळणंच अवघड असतं. पण यात ॲप, ड्रोन, सेन्सरवाले सहज बसतात. बियाणं वाढवणारा गावचा गट स्वतःला स्टार्टअप म्हणत नाही आणि त्याला कोणी तसं समजतही नाही.

आपण काय करू शकतो?

एक, गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने बीजोत्पादनात उतरावं. पायाभूत बियाणं घेऊन बीज प्रमाणीकरण यंत्रणेकडं क्षेत्र नोंदवता येतं. ग्रेडिंग, गोदामासाठी स्मार्ट प्रकल्पात 60 टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे.

दोन, पिशवीचा टॅग बघा. पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा. हिरवा टॅग म्हणजे सत्यप्रत, त्याची हमी फक्त उत्पादकाची. पावती जपून ठेवा.

तीन, 2001 चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा लक्षात ठेवा. संरक्षित वाणाचंही घरचं बियाणं ठेवायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा आणि विकायचा हक्क कलम 39 देतं. फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. संरक्षित वाणाबद्दल जो दावा केला तसं उत्पन्न आलं नाही, तर भरपाई मागायची सोयही याच कलमात आहे.

आणि एक मागणी सगळ्यांनी लावून धरायला हवी. वाण जाहीर करतानाच त्यासोबत तीन गोष्टी सांगाव्यात: पैदासकार बियाणं किती आहे, ते वाढवायचा करार कोणाशी झाला आणि कोणत्या खरिपात ते तालुक्याला मिळणार. कृषी विज्ञान केंद्राच्या पुढच्या मेळाव्यात नव्या वाणाचं भाषण झालं, की हे तीन प्रश्न उभं राहून विचारा.