सीडी आहे, पण गेट कुठंय?

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाट बंद होते. तिथं विंडोज एक्सपीच्या जुन्या संगणकासोबत विंडोज पुन्हा बसवायची सीडी आलीच नसेल, तर ती पावसाळ्याआधी बनवून ठेवलेली बरी. सेटअपच्या फायली बहुधा त्याच संगणकात, ‘आय३८६’ फोल्डरमध्ये असतात. पण त्या सीडीवर नुसत्या उतरवल्या तर तिच्यावरून संगणक सुरू होत नाही. का?

ताडोबात शिरायचं तर मोहर्लीसारखं गेट लागतं, गाईड लागतो. जागा होणारा संगणकही आधी ठरलेलं गेटच शोधतो. सीडीवरून संगणक सुरू करण्याच्या १९९५च्या ‘एल टोरिटो’ नियमानुसार ते सीडीच्या, शून्यापासून मोजल्यास, १७व्या खंडात (सेक्टरमध्ये) असतं. तिथून पत्ता मिळतो एका चिमुकल्या प्रोग्रामचा. एक्सपीचा हा वाटाड्या अवघा २०४८ बाइटचा! तोच पुढे फोल्डर गाठून सेटअप चालू करतो. गंमत म्हणजे ‘आय३८६’मध्ये तो नसतो, एखाद्या मूळ एक्सपी सीडीवरून काढून, नवी सीडी लिहिताना ‘बूट इमेज’ म्हणून जोडावा लागतो.